पायाची रेघ

१

डॉर्सी हॅचेलचा सकाळचा नेम ठरलेला होता. कॉफी ओतायची, अर्धी पिऊन कुठेतरी विसरायची, आणि शेडच्या मागच्या खोलीत जाऊन इंजिनाला आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. “माणसांना कधी म्हणतोस का रे दादा?” असं त्याची बहीण लर्लीन विचारायची. डॉर्सी त्यावर नुसता हसायचा. माणसांपेक्षा इंजिनं बरी, विचारलं तेवढंच सांगतात, असं त्याचं मत होतं.

त्या खोलीत इंजिन लोखंडी चौकटीवर आवळून बसवलेलं असे. त्याला गाडी नाही, चाकं नाहीत, चालवणारा कुणी नाही. जाड काचेच्या अलीकडे डॉर्सी, आणि त्याच्या हाताशी एक दांडा. दांडा पुढे रेटला की पलीकडे इंजिनाच्या तोंडावरच्या झडपा उघडतात आणि खोलीतली हवा आत ओढली जाते. टर्बो नाही, ब्लोअर नाही, हवा कोंबणारं काही नाही. आभाळानं दिली तेवढ्या हवेत भागवायचं. आठ सिलिंडर म्हणजे आठ लेकरं. कुणाला भूक जास्त, कुणाला कमी. कुणाला किती पेट्रोल हे संगणकात भरायचं, की झालं ट्यूनिंग. सांगायला सोपं आहे. डॉर्सीचं अख्खं आयुष्य त्यात गेलं होतं.

त्या बुधवारी त्यानं दांडा पूर्ण रेटला आणि धरून ठेवला. काच थरथरली, छातीत धडधड भरली, आणि इंजिन जसं ओरडायला हवं तसं ओरडलं. मग शांतता. पंखा फिरत राहिला. डॉर्सीनं पडद्यावरच्या रेघा पाहिल्या. झडपा किती उघडल्या ते दाखवणारी रेघ फळीसारखी सरळ हवी होती, कारण दांडा त्यानं स्वतः धरला होता. पण मध्यावर तिला एक छोटासा खळगा पडला होता.

खळगा एवढासाच. पापणी लवावी आणि उघडावी, तेवढाच. पण त्या खळग्याला डॉर्सी ओळखत होता.

शर्यतीच्या गाडीत ही रेघ म्हणजे चालवणाऱ्याच्या उजव्या पायाची रेघ. प्रत्येकाची निराळी, सहीसारखी. तिसऱ्यातून चौथ्या गिअरमध्ये जाताना पाय कणभर हलका करायची खोड एकाच माणसाची होती. तो म्हणजे कॉय लॅम्बेथ, लर्लीनचा नवरा, डॉर्सीचा मेहुणा आणि जिवाभावाचा दोस्त. पंधरा वर्षं डॉर्सी त्याच्याशी भांडला. “मधे उचलायचा नाही तिथे उचलतोस, आणि शेवटी उचलायचा तिथे रेंगाळतोस. पाव मैल संपला की पाय वर, एवढं साधं कळत नाही?” कॉय उकडलेले शेंगदाणे तोंडात टाकत म्हणायचा, “उचलतो रे, उचलतो. घाई काय आहे?”

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यानं तो उचललाच नाही. रेघ शेवटची खूण ओलांडून तशीच सपाट पुढे गेली. वाळू, जाळी, आणि त्यापलीकडची पाइनची झाडं. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं असेल, लोक म्हणाले पेडल अडकलं असेल. डॉर्सीनं पेडलपासून झडपांपर्यंतची तार तपासली, स्प्रिंग तपासली, सगळं ठणठणीत होतं. त्या गाडीतून धड बाहेर आलं ते फक्त इंजिन, आणि आता चौकटीवर होतं तेही तेच.

“सेन्सर गेलाय,” डॉर्सी मोठ्यांदा म्हणाला. त्यानं सेन्सर बदलला, वायर बदलली, तारसुद्धा नवी घातली. पुन्हा दांडा रेटला. या वेळी त्याची नजर पडद्यावर नव्हती, स्वतःच्या मनगटावर होती. मनगट हललं नाही. पण खळग्याच्या क्षणी तळव्याखालचा दांडा किंचित मागे आला आणि परत गेला, आणि काचेपलीकडचा आवाज तेवढ्यापुरता उतरला.

डॉर्सीनं दांडा सोडला आणि दार उघडून खोली पाहिली. तिथे कुणी असायचं कारणच नव्हतं. तरी त्यानं दारामागेही पाहिलं, आणि मग स्वतःचाच त्याला राग आला.

२

हे सगळं कुणाला सांगायची सोय नव्हती. शुक्रवारपासून शर्यती होत्या, हेच इंजिन नव्या गाडीत बसणार होतं, आणि ती चालवणार होती रेना, कॉयची मुलगी.

लर्लीन दोन वर्षं नाही नाही म्हणत होती. शेवटी पोरीच्या हट्टापुढे तिचं काही चाललं नाही. तिनं डॉर्सीला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात बिस्किटं, म्हणजे गरम मऊ पाव, आणि ग्रेव्ही ठेवली आणि त्यानं पहिला घास घेईपर्यंत थांबली. “गाडी तू बांधलीस, इंजिन तू लावतोस. तिचा पाय वेळेवर उचलला गेला पाहिजे, दादा. बाकी हरू दे नाहीतर जिंकू दे. मला ती परत हवी.” डॉर्सीनं मान डोलावली होती.

पाइन रिजच्या ट्रॅकवर शुक्रवारी दुपारी ऊन मऊ होतं. क्लच आणि गिअरबॉक्स बघणारा ओडेल प्रुइट गाडीखाली पाठीवर पडून गात होता. त्याचं गाणं म्हणजे शेजाऱ्यांना शिक्षाच. डॉर्सी हवामानाच्या यंत्रापाशी गेला. ऊन, दमटपणा, हवेचा दाब या सगळ्यांचा मिळून एक आकडा निघतो. ट्यूनर लोकांची जुनी रीत अशी, की आजचा आकडा घ्यायचा, मागे कुठल्या दिवशी अशीच हवा होती ते शोधायचं, आणि त्या दिवशीची पेट्रोलची मापं उचलून इंजिनात भरायची. हवा तीच तर माप तेच. यात विचार करायचा नसतो, म्हणूनच सगळे करतात.

संगणकानं तसा दिवस शोधून दिला. अगदी तंतोतंत. कॉयच्या शेवटच्या शर्यतीचा शुक्रवार होता तो.

डॉर्सीनं तारीख पुन्हा वाचली. मग मनाशी म्हणाला, ट्रॅक तोच, महिना तोच, मग हवा तीच असणार, त्यात नवल काय. रेना हेल्मेट काखोटीला मारून आली. “मामा, झालं का? का अंडी उबवतोयस?” तिच्यापुढे उगीच शंका नको, म्हणून त्यानं ती मापं भरली.

रेना छान पळाली. गाडी सरळ गेली, वेग मारायला मागच्या दोन छत्र्या उघडल्या, ओडेलनं टोपी उडवली. डॉर्सीनं तिची रेघ कॉयच्या त्या शुक्रवारच्या रेघेवर ठेवून पाहिली. हाही रोजचाच रिवाज. नवी लाल, जुनी निळी. पडद्यावर एकच रेघ दिसली. निळी कुठेच नव्हती. लाल रेघेनं तिला पूर्ण झाकून टाकलं होतं, सुरुवातीपासून पाय उचलेपर्यंत, मधल्या खळग्यासकट.

“रेना, चौथ्या गिअरला पाय हलका केलास?”

“छे! खिळला होता पाय.” तिनं हातमोजे काढले. “का रे?”

ओडेलनं खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि तंबाखू गालात सरकवली. “खाण तशी माती, हॅचेल. बापाचा पाय आलाय पोरीला. तू कशाला भूत बघितल्यासारखा उभा?”

खरंच, असतं की असं. मुली बापासारख्या चालतात, बापासारख्या शिंकतात. डॉर्सीला ते पटलं, आणि रात्रभर पटवून घेता घेता त्याला झोप लागली नाही. पण बुधवारी चौकटीवरच्या इंजिनापाशी कुठे होता पोरीचा पाय?

३

शनिवारी दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीची रेघ कॉयच्या शनिवारच्या पहिल्या फेरीवर बसली. त्या फेरीत कॉयला सुटायला जरा उशीर झाला होता. रेनालाही झाला, केसाइतकाही फरक नाही.

मग डॉर्सीनं ठरवलं की आपणच मोडता घालायचा. दुसऱ्या फेरीसाठी त्यानं भलत्याच दिवसाची मापं घेतली, एका थंडगार नोव्हेंबरची. या उन्हात त्या मापांनी इंजिन गुदमरणार, गाडी मंद पळणार, रेघ बिघडणार. रेनाला राग आला तर येऊ दे.

गाडी रांगेत उभी राहिली. डॉर्सी यंत्राकडे पाठ करून उभा होता. मानेवर गार झुळूक लागली तेव्हा त्यानं वळून पाहिलं. एकुलता एक ढग सूर्याखाली आला होता, आणि आकडा उतरत उतरत नोव्हेंबरपाशी येऊन थांबला. रेना पळाली. गाडी थांबल्यावर ढग सरकला आणि आकडा परत होता तिथे गेला.

रेघ पुन्हा एकच दिसली.

“पोरीनं आज काय पळवलीय!” ओडेल म्हणत होता. “आणि तू? चेहरा बघ, दूध नासल्यासारखा.”

“ओडेल, कॉयची चौथी फेरी कुठली होती?”

ओडेलचं चघळणं थांबलं. “रविवारची. तुला नाही माहीत? असले प्रश्न काय विचारतोस, म्हाताऱ्या?” आणि तो उगीचच स्पॅनर पुसायला लागला.

त्या रेघेचं शेवटचं टोक डॉर्सीला पाठ होतं. तिला खाली येणं नव्हतंच.

४

रविवारी सकाळी त्यानं रेनाला ट्रेलरमध्ये बसवून सगळं सांगितलं. वेडा म्हणाली तर म्हणू दे, पण आज ती गाडीत बसायची नाही. तिन्ही फेऱ्यांच्या रेघा तिच्यापुढे मांडल्या. आपण केवढी घोडचूक करतोय हे त्याला तिचा चेहरा पाहून कळलं. ती घाबरली नव्हती. तिनं बोट पुढे केलं आणि पडद्यावरून हळूच फिरवलं.

“हा डॅडी?”

“हो.”

“आणि ही मी?” तिचे डोळे भरून आले. “मामा, एकच दिसतोय की रे आम्ही.”

“म्हणूनच म्हणतो, आज नको! पुढची रेघ कुठे जाते माहितेय ना तुला?”

“डॅडीला झटका आला होता. मला चोविसाव्या वर्षी कशाला येईल?” ती उठली. “आई म्हणालीच होती, मामा ऐनवेळी कच खाईल. मी पळणार. तुला इंजिन लावायचं नसेल तर ओडेल लावेल.”

ओडेलनं इंजिन लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. डॉर्सीनं वाद सोडला. पण हात स्वस्थ बसेनात. ती कपडे चढवायला गेली तेवढ्यात त्यानं संगणकात एक ओळ घातली. गाडी सुटल्यापासून शर्यत संपायला लागतो त्याहून जरासाच जास्त वेळ गेला, की ठिणगी बंद. पाय पेडलवर असो नसो, पाय कुणाचाही असो, इंजिन आपलं आपण मरेल. मग त्यानं रेनाला बजावलं, “खूण दिसली की छत्र्यांची दांडी ओढायची. पायाचं सोड, आधी दांडी. शपथ घे.” तिनं हसत शपथ घेतली.

यंत्रावरचा आकडा त्यानं पाहिला नाही. काय असणार ते त्याला ठाऊक होतं.

रेनाची आणि शेजारच्या पट्टीवरची, दोन्ही गाड्या सुटल्या. डॉर्सीला दिसण्याआधी ऐकू आलं: पहिला, दुसरा, तिसरा गिअर, मग पापणी लवावी तसा तो उतरलेला सूर, मग चौथा, पाचवा. त्याच्या ओठांतून आपोआप निघालं, “उचल, उचल, उचल.” आणि इंजिन कापल्यासारखं थांबलं. लांबवर दोन छत्र्या फुलल्या. भोंग्यावर रेनाचं नाव पुकारलं गेलं, ती जिंकली होती, आणि ओडेल डॉर्सीला मिठी मारून गदागदा हलवत होता. डॉर्सी रडत होता. वाचली पोर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

५

गाडी ओढून आणायला तो स्वतः गेला. ट्रॅकच्या शेवटी रेना अजून आतच बसली होती. हेल्मेट काढून मांडीवर घेतलेलं. चेहऱ्यावर लहानपणी जत्रेतून परत येताना असायचं तसं हसू.

“उतर ना गं.”

“उतरते. जरा थांब.” ती खाली बघत होती. “मामा, मी उचलायला गेले पाय. नाही उचलला गेला. वरून डॅडीचा बूट होता.”

डॉर्सीनं तिच्या मांडीवरचं हेल्मेट उचलून घेतलं.

“आठवतं तुला? शेतावर जुन्या पिकअपमध्ये मला मांडीवर घ्यायचा. माझा पाय पेडलवर, त्याचा बूट माझ्या पायावर. अगदी तसंच. तेवढंच वजन.” तिनं वर पाहिलं. “इंजिन तू बंद केलंस ना? परत नको करूस. त्याला नाही आवडलं.”

डॉर्सीनं लॅपटॉपची वायर गाडीला जोडली. गाडीचा मुख्य खटका अजून चालू होता. पायाची रेघ शर्यत संपल्यावरही सपाट गेली होती, छत्र्या उघडल्यावरही, गाडी थांबल्यावरही. आणि आत्ता, या क्षणी, ती पडद्यावर पुढे सरकत होती, अजून वरच.

“रेना, पाय काढ पेडलवरून.”

“काढलाय की.”

त्यानं वाकून आत पाहिलं. तिनं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले होते. मोकळं पेडल तळाला टेकलेलं होतं.

पुढचं त्यानं विचार करून केलं नाही. खिशातली कातर पक्कड काढली, समोरचं झाकण उचकटलं आणि तार तोडली. झडपा थाडकन मिटल्या. त्या आवाजानं तो स्वतःच दचकला. ओडेल मागून धापा टाकत आला आणि त्यानं तुटलेली तार हातात घेतली. “अरे, दीड तासात पुढची फेरी आहे! वेड लागलं का तुला? ती जिंकत होती!”

“जाऊ दे ओडेल,” डॉर्सी म्हणाला. “मी ट्यूनर आहे, मी सांगतो, ही गाडी आज पळणार नाही.”

आता रेना आकाशपाताळ एक करणार, अशी त्याची खात्री होती. पण ती शांतपणे बाहेर आली, जमिनीवर उभी राहिली आणि आपल्या उजव्या बुटाकडे बघत राहिली. “चल मामा, घरी जाऊ,” एवढंच म्हणाली.

६

ओडेल सामान आवरून मागून येणार होता. रेना कॉयच्या जुन्या पिकअपनं आली होती, किल्ली तिच्याकडे होती. डॉर्सीनं तिला चालवू दिलं. भानगड त्या गाडीत होती, त्या इंजिनात होती, ती आपण तिथेच तोडून आलो, असं त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. घरी लर्लीन वाट बघत असेल. तिला म्हणता येईल, घे, आणली तुझी पोर.

रस्ता पाइनच्या रानातून सरळ जातो. ऊन अजून होतं. खिडक्या उघड्या होत्या. रेना गुणगुणत होती. डॉर्सीला वाटलं, चला, सुटलो.

मग पिकअप कणभर मंदावली आणि परत वेग धरला.

पोटात लागलं त्याला ते. एवढंसंच. पापणी लवावी तेवढं. त्यानं बाहेर पाहिलं. ना चढ होता, ना खड्डा.

“रेना, पाय हलका केलास?”

“छे.” ती पुन्हा गुणगुणू लागली.

पिकअपचा वेग वाढत होता. पुढे झाडी संपत होती आणि हा रस्ता मोठ्या हायवेला आडवा मिळत होता. तिथे थांबायची लाल पाटी होती, आणि पाटीपलीकडून ओंडके लादलेले ट्रक एकामागून एक जात होते. डॉर्सी त्या रस्त्यानं जन्मभर आलेला. कुठे पाय उचलायचा हे त्याच्या हाडांना माहीत होतं. ती जागा आली आणि मागे गेली.

“रेना, उचल.”

“उचलते रे मामा, उचलते.” तिचं हसू तसंच होतं. “घाई काय आहे?”

डॉर्सीनं खाली पाहिलं. पेडल पुरतं दाबलेलं होतं, त्यावर तिचा बूट. बुटाच्या वरच्या बाजूचं कातडं आत गेलं होतं, बोटांच्या वरून आडवं, रुंद. गादीवर कुणी गुडघा टेकला की ती खचते, तसं ते खचलं होतं. आणि त्या खचलेल्या जागेवर काहीच नव्हतं.

त्यानं किल्लीला हात घातला आणि ती एक खटका मागे फिरवली. इंजिन मेलं. स्टिअरिंग जड झालं, त्यानं दोन्ही हातांनी ते रेनाच्या हातांवरून ओढलं आणि डाव्या पायानं तिच्यावरून आडवं जाऊन ब्रेक चेपला. पिकअप खडीत घुसली, घसरली, धुळीत आडवी झाली आणि पाटीच्या खांबाला टेकून थांबली. पुढून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. त्याच्या वाऱ्यानं पिकअप हलली.

मग सगळं शांत झालं. लर्लीनला दिलेला शब्द पाळला, पाळला, असं डॉर्सी पुटपुटत होता. “कॉय,” तो म्हणाला, “लेक आहे रे ती तुझी. सोड तिला.”

बंद गाडीचं पेडल अजून तळाला होतं. ते कणभर वर आलं. आणि परत खाली गेलं.

रेनाच्या चेहऱ्यावरचं हसू आता गेलं होतं. तिनं दोन्ही हातांनी आपला गुडघा धरला आणि ओढला. पुन्हा ओढला.

“मामा,” ती लहान पोरीसारखी म्हणाली, “पाय निघत नाहीये.”